मुदत संपलेला नवरदेव

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ असे ज्याने म्हणून ठेवले, त्या शहाण्या माणसाने पासपोर्ट नावाची वस्तू पाहिलेली नसावी. पाहिली असती तर या दोन कामांच्या पंगतीला त्याने तिसरे पान नक्की मांडले असते. पण त्याच्या काळी सोयरिकीची धाव ती केवढी! अहो, शहापूरची मुलगी मुरबाडात दिली तरी ‘लेक लांब पडली हो’ म्हणून म्हाताऱ्या बायका पदराने डोळे टिपीत. हे लांब म्हणजे किती, ते मला रोजच्या रोज मोजावे लागते. मी राहते शहापूरला आणि मराठी शिकवते मुरबाडच्या बाजूला, एका महाविद्यालयात. एसटी किन्हवली, सरळगाव करीत, वाटेत शाळेची पोरे आणि भाजीच्या पाट्या चढवीत-उतरवीत जाते; बसायला जागा मिळाली तर तेवढ्या वेळात चाचणीच्या दहाबारा उत्तरपत्रिका तपासून होतात.

२०२५ च्या जानेवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने ही सोयरिकीची धाव एकदम टांझानियापर्यंत नेली.

मुलगी किन्हवलीच्या अलीकडच्या एका गावातली. घरी भातशेती, दोन म्हशी, पाठचा एक भाऊ. माझ्याकडे मराठी घेऊन बी. ए. झाली आणि नोकरीसाठी पुण्याला गेली. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, पेढ्यांचा पुडा घेऊन येई. या खेपेला ती अवेळी आली, रविवारी सकाळी, आणि तिच्या मागून आमच्या बुटक्या दारातून वाकून एक उंच, काळासावळा, अतिशय संकोची तरुण आत आला. त्याने दोन्ही हात जोडून ‘नमस्कार, मॅडम’ म्हटले. ‘ळ’ सोडला तर त्याचे मराठी उच्चार माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गापेक्षा वाईट नव्हते.

त्याचे गाव दार-ए-सलाम. पुण्याला संगणकाचे शिक्षण घ्यायला आलेला. मला माणसापेक्षा त्याच्या भाषेचे कुतूहल आधी वाटते, हा माझ्या धंद्याचा दोष. मी त्याला स्वाहिली शब्द विचारू लागले. पैशाला काय म्हणता? ‘पेसा.’ दुकानाला? ‘दुका.’ गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’ आणि चपातीला चक्क ‘चपाती’! पश्चिम किनाऱ्यावरून शिडाची गलबते शेकडो वर्षे तिकडे जात होती, त्यांतून हे शब्द उतरले आणि तिथेच नांदू लागले. आमचे हे चहा घेऊन आले आणि म्हणाले, “म्हणजे अर्धा संसार तर आधीच जुळला आहे!” सगळे हसले. हसणे ओसरल्यावर मुलीने पिशवीच्या बंदाशी चाळा करीत विचारले, “मॅडम, रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. त्यांतल्या एक तुम्ही व्हाल?”

मी हो म्हणणार, तेवढ्यात तिने, घरातली साखर संपल्याचे सांगावे तशा सुरात पुढचे वाक्य टाकले. “फक्त एकच आहे, मॅडम. ह्याचा व्हिसा संपलाय.”

“कधी?”

“आठ महिने झाले.”

तो तरुण फरशीकडे पाहत होता. गोष्ट साधी होती, आणि साध्या गोष्टींसारखीच गुंतलेली. मधल्या वर्षी त्याच्या वडिलांचे दुकान बसले. फी थकली. फी थकली म्हणून शिक्षणसंस्थेने तो आपला विद्यार्थी असल्याचा दाखला अडवला. दाखला नाही म्हणून व्हिसाची मुदत वाढेना. मग एक दिवस तारीख उलटून गेली, आणि तारीख उलटल्यावर माणसाला जे होते ते त्याला झाले: आज जाऊ, उद्या जाऊ करीत कचेरीची पायरीच त्याने सोडली. जितका उशीर तितका दंड मोठा, जितका दंड मोठा तितकी भीती मोठी. खोलीवाला कागद मागू लागला तेव्हा खोली बदलली. रस्त्यात पोलीस दिसला की तो पलीकडच्या पदपथावरून चाले.

मुलीचा हिशेब सरळ होता. लग्न करायचे, भारतीय मुलीचा नवरा झाला की तो आपोआप इथला होतो, मग कसली तारीख नि कसला दंड! हे तिला कुणी सांगितले, तर ‘सगळेच सांगतात’. खरे आहे. आपल्याकडे सगळेच सांगतात. सिनेमात तर शेवटच्या दहा मिनिटांत अशी कितीतरी माणसे इथली होऊन जातात.

साक्षीदार व्हायचे तर कशाला साक्ष राहायचे ते आधी कळायला हवे, म्हणून मी कायदा वाचला. मराठीची मास्तरीण असले तरी कायद्याचे गद्य मला आवडते. त्यात विशेषणे नसतात. १९५४ चा विशेष विवाह कायदा तर फारच उदार मनाचा निघाला. त्याच्या चौथ्या कलमात ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’चा विवाह असे म्हटले आहे. जात नाही, धर्म नाही, देशही नाही. आधीचा नवरा किंवा बायको हयात नको, दोघांची शुद्धीत दिलेली संमती हवी, मुलगा एकवीस वर्षांचा आणि मुलगी अठराची हवी, नाते निषिद्ध नको. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेले असावे. नोटीस फळ्यावर लागते, तीस दिवस हरकतींची वाट पाहतात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही तर ती नोटीस बाद होते. मग विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांदेखत, एकमेकांना म्हणायचे की मी तुझा स्वीकार करतो, मी तुझा स्वीकार करते. आणि हे दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत म्हटले तरी चालते! म्हणजे ठाण्याच्या कचेरीत स्वाहिलीतूनही लग्न लागेल. हे वाचून मला त्या कायद्याच्या कर्त्यांविषयी प्रेमच वाटले.

त्या कलमात व्हिसाचा शब्द नाही. कचेरीत पासपोर्टाची आणि व्हिसाची प्रत मागतात, त्याच्या देशाच्या वकिलातीकडून तो अविवाहित असल्याचा दाखलाही मागतात, तो भाग निराळा.

पण सरकारच्या घरात कपाटे दोन. लग्नाचे एक आणि परदेशी माणसांचे दुसरे. दुसऱ्या कपाटातले पुस्तक, म्हणजे १९४६ चा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा, मी उघडले तेव्हा त्यात लग्नाने तारीख पुसली जाते असे कुठेच आढळले नाही. मुदतीपलीकडे राहणाऱ्याला त्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. (१ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.) व्हिसा जिवंत असताना भारतीयाशी लग्न झाले तर तो बदलून जोडीदाराचा व्हिसा मागता येतो. तेव्हा चौकशी होते, आणि नवराबायको खरोखर एकत्र राहतात की नाही याचा अहवाल जातो. ‘नांदणे’ हा आपला केवढा गोड शब्द! सासूने, जावेने, फार तर शेजारणीने ज्याविषयी बोलावे, त्याची खातरजमा आता हवालदाराने करायची. असो. नागरिकत्व हवे तर त्यानंतर सात वर्षे इथे राहावे लागते. आणि २००३ च्या दुरुस्तीने असे ठरवले आहे की, मुदत संपल्यावर राहिलेला माणूस बेकायदा स्थलांतरित धरायचा, त्याला त्या वाटेने नागरिक होता येत नाही. मुलीच्या सगळ्या बेताचा पायाच इथे खचत होता. आधी लग्न आणि मग कागद, हा क्रम तिच्यासाठी सोपा होता, पण तो माणूस जन्मभर त्या आठ महिन्यांचा देणेकरी राहिला असता.

वाचता वाचता एक गंमत सापडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात भारतीयाशी लग्न केलेल्या *स्त्री*ला नोंदणी करून नागरिक होण्याची सोय होती. पुरुषाला नव्हती! कायदा करणाऱ्यांनी सून गृहीत धरली होती. बायकोच्या घरी राहायला येणारा परदेशी नवरा त्यांच्या कल्पनेतच बसेना. १९८६ साली दुरुस्ती झाली आणि ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ आल्या. म्हणजे आपल्या कायद्याला घरजावई मान्य व्हायला एकतीस वर्षे लागली. आपल्या आज्यांनाही साधारण तेवढीच लागली असती.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसच्या. महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला त्या महाराष्ट्रात आल्या, भारत पाटणकरांशी त्यांचे लग्न झाले, १९८३ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी, सासरच्या गावीच, त्यांनी देह ठेवला. कासेगावने त्यांना आपली सून म्हटले, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. आता दुसरे टोक पाहा. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून रेल्वेचा एक फाटा बालाघाटातल्या तिरोडीला जातो. मँगेनीजच्या खाणींचे गाव, मध्य प्रदेशात असले तरी आपल्या उंबऱ्यावरचे. चीनच्या युद्धानंतर, १९६३ च्या आरंभी, हद्द ओलांडून आलेला एक चिनी सैनिक पकडला गेला. सहासात वर्षे तुरुंगांत काढून १९६९ मध्ये सुटला, आणि त्याला या तिरोडीत आणून ठेवले. त्याने पिठाच्या गिरणीत काम केले, १९७५ साली तिथल्याच मुलीशी लग्न केले, त्याला मुले झाली, नातवंडे झाली. पण तो ना धड इथला ना तिथला. आई वारली तरी जाता आले नाही. २०१७ साली, चोपन्न वर्षांनी, तो पहिल्यांदा आपल्या गावी जाऊन आला; आणि ज्या घरात बायको होती, त्या घरी परत यायला त्याला भारताचा व्हिसा घ्यावा लागला. बेचाळीस वर्षांच्या संसाराने त्याच्या कागदावरचे एक अक्षरही बदलले नव्हते.

तिरोडीची ही हकिगत मी मुलीला सांगितली. ती रडली. रडणारच. “म्हणजे तुम्ही सही करणार नाही?” म्हणाली. मी म्हटले, “सही करीन. पण त्याने आधी दारातून बाहेर जाऊन दारातून आत यायला हवे.” बोलायला सोपे, कारण जास्त राहिलेल्या परदेशी माणसाचे नाव काळ्या यादीत जाऊ शकते, आणि मग परतीचे दार बंद. तीच तर तिची भीती होती. तिनेच तिकडे जाऊन आपल्या वकिलातीत लग्न लावावे, अशी सोय १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यात आहे. पण लग्न लागले तरी संसार कुठल्या गावी, हा प्रश्न उरतोच, आणि तिला तो किन्हवलीपासून तासाभराच्या आत हवा होता.

बातमी पसरायला आमच्याकडे वर्तमानपत्र लागत नाही, एसटी पुरते. दोन दिवसांत स्टाफरूममध्ये चर्चा सुरू झाली. ‘लग्न खरे की कागदासाठी?’ असा सूर. विचारणाऱ्यांत असे एक गृहस्थ होते, ज्यांनी मागच्याच वर्षी भाचीसाठी अमेरिकेतला मुलगा पाहिला. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आला, पहिल्या आठवड्यात पाहणे, दुसऱ्यात हॉल, तिसऱ्यात वकिलातीची रांग. पत्रिकेतल्या गुणांच्या आधी त्याच्या व्हिसाचा प्रकार विचारला होता. ग्रीन कार्ड कधी होईल, हाही प्रश्न बैठकीत झाला. त्या लग्नाला कागदाचे लग्न कुणी म्हटले नाही. त्याला ‘चांगले स्थळ’ म्हणतात! व्हिसा असलेला जावई ही मिरवण्याची वस्तू आणि व्हिसा संपलेला जावई म्हणजे भामटा, हा न्याय मला उमगत नाही. शिवाय या प्रकरणात कातडीचा रंगही होता, आणि ते मात्र कुणी उघड बोलत नव्हते.

त्यांना मी कान्हेरीच्या एका शिलालेखाची आठवण दिली. पाण्याच्या टाक्यापाशी तो कोरलेला आहे. त्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीचे कूळ सांगितले आहे: कार्दमक, महाक्षत्रपाची लेक. क्षत्रप म्हणजे शक. बाहेरून आलेले, परके, आणि सातवाहनांचे हाडवैरी. दुसऱ्या शतकात ही सोयरीक झाली आणि दगडावर अभिमानाने नोंदली गेली. आपल्या मुरबाडातून नाणेघाट चढून गेले की वर दगडी रांजण आहे. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडे असे लोक सांगतात. परका माणूस घाट चढून यायचा, नाणे टाकायचा, पुढे जुन्नरला जायचा. नाणे न टाकता कडेने गेला तर पकडलाही जात असेल. परकेपण हा गुन्हा नव्हता, जकात चुकवणे हा होता, असे मला त्या रांजणाकडे पाहून नेहमी वाटते. गृहस्थ म्हणाले, “मॅडम, हे तुमच्या तासाला ठीक आहे.”

मुलीचे वडील आले ते म्हशाच्या जत्रेहून. पौषी पौर्णिमेला म्हसे गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा बाजार असतो, घोंगड्यांची दुकाने लागतात. खांद्यावर नवे घोंगडे घेऊनच ते आमच्या ओटीवर बसले. मी मनात युक्तिवादांची जुळवाजुळव केली होती. कान्हेरी होती, कासेगाव होते. ते काही कामी आले नाही, कारण त्यांनी रंगाचा, धर्माचा विषयच काढला नाही. पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि म्हणाले, “मॅडम, तो पोरगा लपून ऱ्हातो का?”

मी म्हटले, “एक प्रकारे, हो.”

“नवरदेव वाजत येतो. लपून बसलेला नवरदेव तुमी कुटं पायलाय का?” थोडे थांबून म्हणाले, “त्याचं घर हाय ना? आई हाय ना? मंग त्यानं आपल्या घरला जावं, आईला सांगावं, आन् तिथून निघून माज्या दारात यावं. इमानाचं तिकीट मी काढतो. जान्याचं. येन्याचं त्याचं त्यानं काढायचं.”

कायद्याची सगळी कलमे वाचून मी ज्या ठिकाणी पोचले होते, तिथे हा माणूस घोंगडे खांद्यावर टाकून, काही न वाचता, माझ्या आधी येऊन बसला होता. पण मुलीला ते वाक्य कसे लागले असेल! परतीचे तिकीट त्याने काढले नाही तर? की वडिलांची तीच आशा? तिने त्यांना हा प्रश्न तोंडावर विचारला. ते म्हणाले, “नाय आला तर समजंल. आन् आला तर मलाबी समजंल.”

फेब्रुवारी, मार्च दोघांनी नुसते भांडण्यात घालवले. तो जायला तयार, ती सोडायला तयार नाही. एप्रिल अखेरीस मात्र एक गोष्ट घडली. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे २७ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. दीर्घ मुदतीचे वगळले होते. टांझानियाचा याच्याशी सुतराम संबंध नाही. पण आमच्याकडचा लग्नाचा बस्ता बांधला जातो उल्हासनगरला, आणि तिथल्या सिंधी वस्तीत पाकिस्तानातून दीर्घ मुदतीच्या व्हिशावर आलेली कुटुंबे आहेत. ती चुलत बहिणीचा बस्ता बांधायला गेली होती. दुकानात दुसरा विषय नव्हता. जो तो आपले किंवा शेजाऱ्याचे कागद काढून तारखा वाचीत होता. ज्यांचे कागद धड होते तेही दोनदोनदा वाचीत होते. ती घरी आली आणि रात्री तिने त्याला फोन केला, “अर्ज भर.”

अर्ज आता घरबसल्या भरता येतो. परदेशी नागरिकांच्या नोंदणीची ही सोय २०१८ पासून संगणकावर आहे. आठ महिन्यांचे आता जवळजवळ वर्ष झाले होते. जास्त राहिल्याचा खुलासा लिहायचा होता. त्याने तो इंग्रजीत तीन पाने लिहिला. मी तो एका पानावर आणला आणि ‘कृपया’ सातांचे दोन केले. त्याच्या मित्रांनी वर्गणी काढून दंड भरला. देश सोडण्याचा परवाना मिळाला. वडिलांनी बोलल्याप्रमाणे तिकिटाचे पैसे दिले, नोटा मोजून, रुमालात बांधून. मृग लागला होता, पेरणी सुरू होती. विमानतळावर ते गेले नाहीत. ती गेली. त्याने पासपोर्ट पुढे केला तेव्हा, ती सांगत होती, वर्षभरात पहिल्यांदाच गणवेशातल्या माणसाच्या डोळ्यांत त्याने पाहिले.

त्याचा नवा अर्ज तिकडे आपल्या वकिलातीत पडून आहे. काळ्या यादीचे काय झाले, ते अजून कुणी सांगितलेले नाही. ठाण्याच्या विवाह नोंदणीच्या कचेरीत नोटीस अद्याप द्यायची आहे. तीन महिन्यांची मुदत असल्यामुळे तो आल्याशिवाय ती द्यायची नाही, एवढे शहाणपण आम्ही दोघी शिकलो. साक्षीदारांची यादी तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे. एक मी, दुसरा तिचा भाऊ. तिसरी ओळ कोरी आहे.

दसऱ्याला मी त्यांच्याकडे गेले होते. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळे होऊ लागले होते. ती माजघरात फोनवर स्वाहिलीचे धडे गिरवीत होती. वडील ओटीवर विळ्याला धार लावीत बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विळा उजेडात धरून पाहत म्हणाले, “जावयाला काय म्हन्तात गं त्यांच्यात?”

“म्क्वे,” ती आतून म्हणाली.

“आन् सासऱ्याला?”

“तेच. म्क्वे.”

“दोगांना येकच?” त्यांनी विळा खाली ठेवला. “मंग आमी येकमेकांना हाक मारायची कशी?”